शिकेकाई बांधावर लावा: बियापासून न्हाणीपर्यंत

कोल्हापूरच्या पश्चिमेला राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी या तालुक्यांतल्या रानात शिकेकाई कुणी न लावता वाढते. ओढ्याच्या काठाला, जंगलाच्या कडेला, एखादं मोठं झाड पडून उजेड झाला असेल तिथे ती आधी झुडपासारखी पसरते आणि मग शेजारच्या झाडाला काटे अडकवत वर चढते. तूर, हरभरा, करंज, पांगारा ज्या शेंगवर्गीय कुळातले, त्याच कुळातलं हे पावसाळी जंगलातलं काटेरी झुडूप. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आपल्याकडे अजून उटण्याबरोबर शिकेकाई लागतेच, पण आता ती बहुतेक घरांत पुडीतून येते, आणि त्या पुडीत नेमकं काय दळलंय हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

बाजारात येणाऱ्या शेंगा बहुतांशी रानातून गोळा केलेल्या असतात. उंच चढलेल्या वेलीच्या शेंगा हाताला येत नाहीत, म्हणून घाईत असलेला माणूस वेलच कोयत्यानं तोडून खाली ओढतो. त्या वर्षी पोतं भरतं, पण ती वेल पुन्हा फळायला बरीच वर्षं जातात. दुसरीकडे आपण बांधाला काटेरी तार मारण्यासाठी पैसे मोजतो आणि बांध मोकळाच राहतो. ज्याच्याकडे थोडं जरी शेत आहे त्यानं शिकेकाईच्या चार-पाच वेली बांधावर लावाव्यात, असं मला कळकळीनं वाटतं. कुपाटी, म्हणजे काटेरी कुंपणही होतं आणि घरच्या न्हाण्याची सोयही होते. ते कसं करायचं ते पुढे क्रमानं सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. राधानगरी अभयारण्य १९५८ पासून संरक्षित आहे. दाजीपूरचं गव्याचं जंगल ते हेच. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशात गेल्या त्यांत ते आहे. तिथून शेंगाच काय, काडीसुद्धा परवानगीशिवाय आणायची नाही. अभयारण्याबाहेरच्या वनजमिनीतून शेंगा-पाल्यासारखं गौण वनोपज गोळा करण्याचे हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानं पात्र गावांना आणि कुटुंबांना दिलेत, पण ते त्यांचे हक्क आहेत. शहरातून गाडी घेऊन गेलेल्याचे नव्हेत.

आधी ओळख पक्की करा

काटेरी आणि बारीक पाल्याच्या वेली सह्याद्रीत बऱ्याच आहेत. चुकीची वेल बांधावर लावली तर कुपाटी होईल, पण शेंगेला फेस येणार नाही, आणि हे कळायला तीन-चार वर्षं जातील. म्हणून इथे वेळ घालवा.

शिकेकाईच्या फांदीवर मागे वळलेले आकडीसारखे काटे सगळीकडे विखुरलेले असतात. पानाच्या देठावरही ते असतात. पान दुहेरी पिसासारखं असतं: मधल्या दांड्यावर उपदांड्यांच्या जोड्या आणि त्यांवर अगदी बारीक पानं. कोवळा पाला चवीला आंबट लागतो, ही जुन्या माणसांची पहिली खूण. फुलांचे गोल गोंडे बाभळीच्या घाटाचे, पण बाभळीसारखे पिवळेजर्द नव्हेत. कळीत लालसर झाक असते आणि उमलल्यावर ते मळकट पांढरे दिसतात. शेंग साधारण बोटाएवढी लांब, जाड आणि मांसल. वाळली की ती तपकिरी होते, अंगावर सुरकुत्या पडतात आणि बियांच्या मध्ये किंचित आवळल्यासारखी दिसते. एका शेंगेत सहा ते दहा काळपट बिया.

फसवणूक होते ती तिघांकडून. पहिली चिल्हार. आपल्याकडे बांधावर भरपूर असते, काटे तसेच आकडीचे. पण तिला पिवळ्या, सुट्या पाकळ्यांच्या फुलांचे उभे तुरे येतात आणि शेंग गुळगुळीत, कडक, टोकाला चोच असलेली. दुसरा सागरगोटा. त्याच्या शेंगेवरच काटे आणि आत राखाडी गोट्या, त्यामुळे शेंग दिसली की शंका उरत नाही. तिसरी फसवणूक अवघड आहे. शिकेकाईच्या जवळच्या नात्यातल्या एक-दोन रानवेली पानाफुलांनी अगदी तशाच दिसतात. त्यांची शेंग मात्र पातळ, चपटी, कागदासारखी असते, सुरकुतत नाही. म्हणून नुसत्या पानावर निर्णय घेऊ नका, शेंग बघितल्याशिवाय बी घेऊ नका.

शेवटची खात्री पाण्यानं. वाळलेल्या शेंगेचं साल चुरून बाटलीत थोड्या कोमट पाण्यात टाका, अर्ध्या तासानं जोरात हलवा. शिकेकाई असेल तर बारीक फेस येतो आणि तो काही मिनिटं टिकतो.

रोपवाटिकेतून रोप घेणार असाल तर पाटीवर दोन वेगळी शास्त्रीय नावं दिसू शकतात: अकेशिया कॉन्सिना आणि सेनेगॅलिया रुगाटा. दोन्ही एकच. बाभळीच्या मोठ्या गणाची फोड झाली तेव्हा शिकेकाईचं नाव बदललं, जुनं पुस्तकांत आणि औषधांच्या पाकिटांवर राहिलं. तरीही शंका राहिली तर शेंगेसकट एक डहाळी जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात नेऊन दाखवा. आपल्या जिल्ह्यात शिवाजी विद्यापीठासकट अशी माणसं बरीच आहेत आणि ती आनंदानं बघून सांगतात.

जागा निवडताना

शिकेकाईला डोक्यावर ऊन आणि पायाशी गारवा लागतो, कारण जंगलातही ती मुळं सावलीत ठेवून शेंडा उजेडाला नेते. पश्चिमेकडच्या तालुक्यांतली तांबडी, जांभ्याची, निचऱ्याची जमीन तिला मानवते. तिथे पावसाचीही अडचण नाही, गगनबावड्यासारख्या ठिकाणी तर तो गरजेपेक्षा जास्तच. पूर्वेकडे शिरोळ, हातकणंगले, कागल भागात दोन अडचणी आहेत: पाऊस कमी आणि जमीन काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी. तिथे लावायची असेल तर बांधाच्या चढावर, मुरूम मिसळून उंच केलेल्या गादीवर लावा आणि पहिले दोन उन्हाळे पाणी द्यायची तयारी ठेवा. उसाला पाटपाणी बसतं त्या सरीच्या तोंडाशी ती लावू नका, मुळं कुजतात.

कुठे लावायची नाही हे जास्त महत्त्वाचं. शाळेच्या वाटेला, पाणंदीला, गोठ्याच्या दाराला, घराच्या अंगणाला नको. मागे वळलेला काटा एकदा कापडात किंवा कातडीत शिरला की ओढल्यानं आणखी आत जातो. विजेच्या तारांखाली नको, कारण ती चढेल. हापूसच्या किंवा फणसाच्या झाडाशेजारी नको, ती त्यावर पसरून झाडाचा उजेड खाते आणि मग आंबे काढायलाही जाता येत नाही. शेजाऱ्याच्या बांधाला लागून नको. बांध हा आपल्याकडे भावाभावांत कोर्टापर्यंत जाणारा विषय आहे. आपल्या हद्दीच्या आत निदान चार-पाच फूट सोडून लावा आणि लावण्याआधी शेजारच्या दादांना सांगा. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची वाट कुठून जाते तेही बघा, नाहीतर हंगामात वेल तुटणारच. शहरात गच्चीवर कुंडीत शिकेकाई लावायचा विचार असेल तर सोडून द्या. तिचं मूळ खोल जाणारं आणि अंग पसरणारं आहे. शहरातल्यांनी चांगल्या शेंगा विकत घ्याव्यात आणि या लेखाचा उत्तरार्ध वाचावा.

गव्यांबद्दल लोक हमखास विचारतात. शिकेकाईची दाट कुपाटी शेळ्यामेंढ्या आणि मोकाट गुरं अडवते. गवा अडेल या भरवशावर राहू नका. आजरा-चंदगडकडे हत्ती फिरतात, त्यांच्यापुढे तर कुठलीच कुपाटी टिकत नाही.

बी आणि रोपं

बी मिळवायचा सोपा मार्ग बाजारातच आहे. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात किंवा काष्ठौषधीच्या दुकानात अख्ख्या शेंगा मिळतात. याच हंगामातल्या, न फुटलेल्या, कीड न लागलेल्या पाव किलो शेंगा घ्या. सालं न्हाण्याला आणि बिया लावायला, दोन्ही कामं होतात. बीवर टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक दिसलं तर ते टाका, आतला गर भुंग्यानं खाल्लेला असतो. उरलेलं बी पाण्यात घालून तरंगणारं काढून टाका.

आता खरी मेख. शिकेकाईच्या बीचं टरफल फार कठीण असतं. तसंच मातीत टाकलं तर पाणी आत शिरत नाही आणि बी महिनोन्‌महिने पडून राहतं. लोक म्हणतात, शिकेकाई उगवतच नाही, त्याचं कारण हेच. पाणी उकळा, भांडं खाली उतरवा, उकळी पूर्ण शांत होऊ द्या, मग त्यात बी टाका आणि रात्रभर तसंच ठेवा. बी पाण्यात ठेवून उकळायचं नाही, ते मरतं. सकाळी काही बिया फुगून जवळजवळ दुप्पट झालेल्या दिसतील. त्या लगेच लावा. न फुगलेल्या बियांचा डोळा, म्हणजे शेंगेला चिकटलेली बाजू, सोडून उलट्या बाजूचं टोक खरखरीत दगडावर किंवा पॉलिशपेपरवर घासा, आतला फिकट रंग दिसेपर्यंतच, आणि पुन्हा साध्या पाण्यात एक रात्र भिजवा. नखं कापायच्या कटरनं टोकाचा कण उडवला तरी चालतं.

पिशव्या मार्चमध्ये भरा. लांब पिशवी घ्या, कारण सोटमूळ सरळ खाली जातं आणि आखूड पिशवीत ते गोल फिरून रोप पुढे दुबळं राहतं. माती, वाळू आणि जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत समभाग. शक्य असेल तर रानातल्या किंवा कुणाच्या बांधावरच्या जुन्या वेलीखालची मूठभर माती त्यात मिसळा. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी धरणारे जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात, आणि ते जिवाणू त्या मातीत आधीच असतात. बी बोटाच्या पहिल्या पेराच्या निम्म्यापर्यंतच खोल टाका. भिजवून फुगलेलं बी एक ते तीन आठवड्यांत वर येतं. अर्धी सावली द्या, पाणी झारीनं, माती ओलसर राहील इतकंच. रोपं मरतात ती बहुधा जास्त पाण्यानं, बुंधा काळा पडून.

लावण

रोहिणीत खड्डे काढून ठेवा, म्हणजे ऊन खाऊन माती तापेल. दीड फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. जांभ्याच्या कातळावर पहार लागेल, तिथे निदान भेगेचा आधार बघून खड्डा घ्या. भरताना वरची माती आणि दोन पाट्या शेणखत पुरे. युरिया घालू नका. नत्र आयता मिळाला की मुळांवरच्या गाठी कामच करत नाहीत. पुढे कधी गाठी तपासायच्या असतील तर एखादी फोडून बघा: आतून गुलाबी दिसली तर ती जिवंत आहे.

मृगाचा पाऊस बसला की लावा. गगनबावडा, राधानगरी भागात जूनमध्येच उरका, नाहीतर जुलैच्या धो धो पावसात खड्डा तळं होतो. तिथे रोपाभोवती आळं करायचं नाही, उलट मातीचा उंचवटा करायचा. पूर्वेकडे आळं करा आणि उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला. पिशवी फाडताना मातीचा गड्डा फुटू देऊ नका. जूनपर्यंत रोप वीतभरही झालं नसेल तर घाई नको, पुढच्या पावसाळ्यापर्यंत पिशवीतच सांभाळा. पावसाळ्यात गोगलगायी कोवळे शेंडे खातात. संध्याकाळी वेचून काढणं हा त्यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय.

अंतराचं गणित तुम्हाला काय हवं यावर आहे, आणि इथे निवड करावीच लागते. दाट कुपाटी हवी असेल तर तीन फुटांवर एक रोप. पण ती कुपाटी सारखी छाटावी लागते आणि छाटलेल्या वेलीला शेंगा कमी. भरपूर शेंगा हव्या असतील तर दोन वेलींत पंधरा फूट तरी हवेत आणि चढायला आधार हवा. मला पटलेला मधला मार्ग असा: कुपाटीसाठी तीन फुटांवर ओळ लावायची आणि दर दहावी वेल न छाटता वर जाऊ द्यायची. तिला आधार म्हणून गिरिपुष्पाचा किंवा पांगाऱ्याचा जाड दांडा पावसाळ्यात रोवायचा. तो फुटतो, जिवंत खांब होतो आणि त्याचा पाला खतालाही येतो.

पहिली वर्षं

पहिल्या वर्षी शेळी हा एकच शत्रू समजा. बाभळीच्या फांद्या रोपाभोवती रोवा. दुसऱ्या वर्षी रोप कमरेएवढं झालं की शेंडा खुडा, म्हणजे बुडापासून फुटवे येतील आणि कुपाटी खालून भरेल. जे सरळ वर गेलं ते खालून उघडंच राहतं आणि त्या भगदाडातून कुत्रं-डुक्कर आत येतं.

छाटणीला एक नियम पाळा: शेंगा उतरवल्या की लगेच छाटायचं, आणि फुलांचे गोंडे दिसू लागले की हत्याराला हात लावायचा नाही. सुकलेल्या, एकमेकींवर चढून आत अंधार करणाऱ्या फांद्या काढा. काम करताना चामड्याचे हातमोजे, जाड पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोळ्यांवर चष्मा आणि पायांत बूट हवेतच. काटा कपड्यात अडकला तर पुढे ओढू नका. ज्या दिशेनं आलात त्या दिशेनं एक पाऊल मागे जा, तो आपसूक सुटतो. छाटलेल्या फांद्या वाटेवर टाकू नका. वाळलेला काटा ट्रॅक्टरचं नाही, पण सायकलचं चाक नक्की फोडतो आणि अनवाणी पायाचं तर विचारूच नका.

पाचट पेटवायची सवय असेल तर ती या कुपाटीजवळ सोडावी लागेल. शिकेकाईच्या बुडाशी वाळका पाला साठतो आणि एका ठिणगीत ओळच्या ओळ जाते. डोंगराकडेला असाल तर फेब्रुवारीच्या आत वेलीच्या दोन्ही बाजूंनी चार-चार फूट गवत काढून जाळरेषा ठेवा.

बियापासून लावलेली वेल तिसऱ्या ते पाचव्या वर्षी शेंगा धरू लागते.

शेंगा उतरवणं आणि वाळवणं

शेंगा साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तयार होतात, म्हणजे नेमक्या ऊसतोडीच्या दिवसांत, जेव्हा गावात रोजगारी माणूस मिळत नाही. त्यामुळे घरच्या माणसांनी दोन सकाळी काढून ठेवायच्या. शेंग तपकिरी झाली, सुरकुतली आणि हलवल्यावर आत बी वाजू लागलं की तयार. हिरवी शेंग काढू नका. ती वाळताना बुरशी धरते आणि फेसही कमी देते. लांब बांबूला आकडी बांधून घोस ओढायचा, खाली ताडपत्री अंथरायची. वेल ओढायची नाही, फांदी मोडायची नाही. वरच्या टोकाच्या चार घोसांसाठी जीव धोक्यात घालू नका, ते पाखरांना आणि बियांना राहू द्या.

दोन-तीन दिवस उन्हात, मग आठवडाभर सावलीत, हवेशीर जागी पसरून ठेवा. शेंग दोन बोटांत धरून मोडल्यावर कट्‌ असा आवाज आला पाहिजे. वाकली तर अजून ओल आहे. मग शेंगा फोडून बिया वेगळ्या करा. फेसाचं द्रव्य प्रामुख्यानं सालीच्या गरात असतं. बी दगडासारखं कठीण, फेसाला निरुपयोगी, वर दळताना मिक्सरचं पातं बोथट करतं. बाजारातल्या पुडीत बऱ्याचदा बियांसकट दळलेलं असतं. वजन भरतं, काम होत नाही.

साठवण पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बरणीत, तळाला वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून. मे महिन्यात मिरच्या, डाळी उन्हात घालता तेव्हा शिकेकाईलाही एक कडक ऊन द्या. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पोत्यात ठेवलेल्या शेंगा ऑगस्टपर्यंत नरम पडतात आणि भुंगा धरतात.

किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. खांद्याखाली केस असलेल्या माणसाला एका न्हाण्याला साधारण २५ ग्रॅम साल. आठवड्याला एकदा धरलं तर वर्षाला सव्वा ते दीड किलो. चौघांच्या घराला पाच-सहा किलो बियांविना साल भरून ठेवावी.

पूड करायची असेल तर

माझं मत विचाराल तर पूड कमी करा आणि साल उकळून वापरा, कारण पूड केसांत अडकते, डोळ्यांत जाते आणि तिचा जोमही लवकर जातो. तरीही प्रवासाला, मुलीला वसतिगृहात द्यायला पूड सोयीची असते.

साल एका कडक उन्हात तापवून गार होऊ द्या. आधी खलबत्त्यात भरड करा, मग मिक्सरला थोडी थोडी. तोंडाला ओला रुमाल बांधा आणि दार-खिडक्या उघड्या ठेवा. ही धूळ नाकात गेली की शिंका थांबत नाहीत, आणि दम्याच्या माणसानं तर त्या खोलीतही थांबू नये. जास्त असेल तर गिरणीत द्यावी लागते, पण पिठाचे गिरणीवाले सहसा नाही म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. इथे एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवा: चटणीच्या हंगामात मिरची कांडपावर शिकेकाई कुटून आणायची नाही. कितीही झाडलं तरी त्यात तिखट राहतं, आणि ते तिखट टाळूवर आणि डोळ्यांत उतरतं. शिकेकाईसाठी वेगळं यंत्र ठेवणारा शोधा किंवा घरीच करा. पूड मलमलच्या कापडातून गाळून घ्या, वरची भरड उकळायला वापरा. दोन-तीन महिन्यांपुरतीच दळा.

न्हाण्याचं पाणी

शिकेकाई साफ कशी करते ते कळलं की प्रमाण चुकत नाही. तिच्यात सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. त्यांचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, त्यामुळे केसांवरचं तेल-मळ सुटून पाण्याबरोबर जातो. साबण अल्कधर्मी असतो, शिकेकाईचं पाणी किंचित आंबट, त्यामुळे केस राठ होत नाहीत. आणखी एक फायदा बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्यांना: जड पाण्यात साबणाची पांढरी चिकट साय केसांवर बसते, शिकेकाईची बसत नाही.

रात्री २५ ग्रॅम साल, दोन रिठ्यांची टरफलं, सुक्या आवळ्याच्या चार-पाच फोडी आणि चमचाभर मेथी अर्धा ते पाऊण लिटर पाण्यात भिजत घाला. भांडं स्टीलचं किंवा मातीचं. लोखंडी कढईत पाणी काळं पडतं आणि टॉवेल डागाळतो. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत आणि ॲल्युमिनियममध्येही नको, आंबटपणानं धातू उतरतो. सकाळी मंद आंचेवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, खळखळून उकळी आली की फेस भांड्याबाहेर येतो. गार झाल्यावर हातानं चांगलं कुस्करा आणि सुती कापडातून दोनदा गाळा. हे गाळणंच लोक टाळतात आणि मग केसांत चोथा राहिला म्हणून शिकेकाईला नावं ठेवतात.

केस आधी साध्या कोमट पाण्यानं पूर्ण ओले करा. मग काढा थोडा थोडा टाळूवर ओतत बोटांच्या पेरांनी चोळा. शाम्पूएवढा फेस येणार नाही, तो यायला नको. तीन-चार मिनिटांनी भरपूर पाण्यानं धुवा. आदल्या रात्री तेल चापून लावलं असेल तर एका धुण्यात निघत नाही. दोनदा धुवा किंवा रिठा एक वाढवा. उलट केस मुळात कोरडे असतील तर रिठा पूर्ण वगळा आणि मेथी दुप्पट करा.

डोळे घट्ट मिटून ठेवा, डोकं मागे झुकवा. शिकेकाई डोळ्यांत गेली की सणकून झोंबते. गेलीच तर चोळू नका, स्वच्छ गार पाण्याची धार दहा-पंधरा मिनिटं धरा आणि लाली उतरली नाही तर डॉक्टरांना दाखवा. तान्ह्या बाळाला वापरू नका. पहिल्यांदाच वापरणाऱ्यानं कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघावी. खाज, पुरळ आलं तर शिकेकाई आपल्यासाठी नाही. काढा त्याच दिवशी संपवा, फ्रिजमध्ये फार तर दोन दिवस टिकतो, मग आंबतो.

गाळून उरलेला चोथा टाकू नका. देवाची उपकरणी, समई, पितळी घागर, जुना बंब त्यानं घासला की छान लकाकतो, आणि रेशमी साडीवरचा साधा डाग पातळ काढ्यानं हलक्या हातानं निघतो. आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर रंग तपासून घ्या. भांडी घासून झाल्यावरचा चोथा उकिरड्यात कुजू द्या. ओढ्यात, विहिरीत किंवा शेततळ्यात मात्र हा चोथा किंवा उरलेला घट्ट काढा कधीच ओतायचा नाही, कारण सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असतं.